आम्रपाली तांबे यांचा वेगाचा तक्ता

आम्रपाली तांबे पोलिसात लागली ती धावण्यात पहिली आली म्हणून. बी.एस्सी.लाही ती फिजिक्स घेऊन पहिल्या वर्गात आली होती, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात शाळांत तिने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केले. सातही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले आणि त्यांनी अजून कळवलेलं नाही. भरतीच्या मैदानावर मात्र आठशे मीटर धावून झाल्यावर निकाल तिथल्या तिथेच लागला.

हायवेवरच्या एका ठाण्यात तिची नेमणूक झाली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तिच्या कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सायन्सवाल्या आहात होय? मग अपघात तुमच्याकडे." त्यामागे एवढाच तर्क होता. अपघातांचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं हेही त्यात होतंच.

पुढची नऊ वर्षं आम्रपाली अपघातांचे पंचनामे लिहीत राहिली. त्यातलं एक वाक्य पहिल्या दिवशीच तिला पाठ करावं लागलं: अमुक गाडीच्या चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने चालवून. चारशेच्या वर पंचनामे झाले आणि चारशेही वाहनं भरधाव होती. उभ्या ट्रकला मागून येऊन टेकलेली मोपेड भरधाव होती. बंद पडलेला एक ट्रॅक्टर टोचन लावून नेताना दगडी गडग्यात गेला, तोही भरधाव होता. त्या वेळी तिने साहेबांना विचारलंसुद्धा.

"सर, ट्रॅक्टरचं इंजिनच बंद होतं."

"असू दे हो. कोर्टाला सवय आहे त्या शब्दाची. वेगळं काही लिहिलंत तर ते विचारत बसतील."

तिने लिहिलं, भरधाव.

घरी तिची आई कमलाबाई आणि तिची शिलाई मशीन. नवरा प्रथमेश मुंबईला मेट्रोच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचा. गावची बुद्धवाडी हायवेपासून हाकेच्या अंतरावर. आम्रपाली ड्यूटी करून यायची, आईबरोबर जेवायची आणि झोपायची. फिजिक्सची पुस्तकं माळ्यावर होती. वाळवीने त्यांचं काय केलंय हे बघायची तिची हिंमत नव्हती.

मग एका मार्चमध्ये पुण्याहून पत्र आलं. अपघात तपासाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, प्रत्येक ठाण्यातून एकजण पाठवावा. तारखा नेमक्या शिमग्याच्या. ठाण्यात एकाएकी सगळ्यांची गावाकडची कर्तव्यं जागी झाली. एकाच्या दारात पालखी यायची होती, एकाला ती नाचवायची होती, एकाच्या घरी तर मानच होता. साहेब म्हणाले, "तांबेबाईंच्या दारात पालखी येत नाही. त्यांना पाठवा." हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की वाईट वाटून घ्यायलाही जागा राहिली नाही. आम्रपालीने बॅग भरली.

पुण्याच्या वर्गात शिकवायला एक निवृत्त इंजिनिअर होते, किडकिडीत, खादीचा शर्ट घातलेले. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर दोन अंडी ठेवली. एक उचलून उशीवर सोडलं. ते शाबूत राहिलं. दुसरं तेवढ्याच उंचीवरून फरशीवर सोडलं.

"दोन्ही अंडी खाली पोचली तेव्हा दोघांचा वेग सारखाच होता," ते म्हणाले. "मग हे का फुटलं?"

चाळीस पोलिसांनी फरशीकडे पाहिलं. आम्रपालीचा हात आपोआप वर गेला. चौदा वर्षांनी गेला असेल.

"सर, याचा वेग एका क्षणात गेला. त्याचा हळूहळू गेला."

"शाब्बास. विमानात माणूस आठशेच्या वेगाने जातो आणि घोरतो. वेगाने माणसाला काही होत नाही. वेग बदलतो तेव्हा होतं. धडकेच्या आधी किती होता आणि धडकेनंतर किती राहिला, या दोहोंतला फरक काढा. तो फरक म्हणजे धडकेची खरी ताकद. पाच-सातचा फरक असेल तर मान अवघडते. तिशीच्या वर गेला की हाडं मोडायला लागतात. पन्नाशीच्या पुढे गेलात तर जबाब घ्यायला माणूस उरेल का, याची शंका."

तीन दिवस ती पहिल्या बाकावर बसली. चेपलेला पत्रा मोजून गाडीने किती वेग खाल्ला याचा अंदाज कसा बांधायचा, दुकानाच्या कॅमेऱ्यातून गाडीचा वेग कसा काढायचा, दोन गाड्यांच्या वजनांवरून कुणाच्या वाट्याला किती धक्का आला हे कसं ठरवायचं, सगळं तिने उतरवून घेतलं. कॉलेजमधला संवेगाचा नियम तिच्या नोकरीत एवढी वर्षं बिनपगारी बसून होता, असं तिला वाटलं.

परत आल्यावर तिने आईची शिवणाची टेप मागून घेतली आणि ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांची मापं घ्यायला लागली. बंपर किती आत गेलाय, बॉनेट कुठे दुमडलंय. शिपाई जाता-येता हसायचे.

"काय ताई, गाड्यांना ब्लाऊज शिवताय?"

ती टेपवरचा आकडा वाचून लिहून घ्यायची. दीडशे पानी वही घेतली होती, ती भरत चालली. एक धडक आणि दोन आकडे, असं ती लिहायची. दहा टनांचा मालाचा ट्रक आणि एक स्कूटर यांची धडक तिने मांडून पाहिली. ट्रकच्या वेगात पाऊण किलोमीटरचा फरक पडला होता, स्कूटरच्या वेगात एक्केचाळीसचा. ट्रकचा ड्रायव्हर जबाबात म्हणाला होता, 'मला काही जाणवलंच नाही.' तेव्हा तो बेरड वाटला होता. आता वहीत पाहिल्यावर तिला कळलं, तो खरंच सांगत होता. त्याला जाणवण्यासारखं काही झालंच नव्हतं. सगळं दुसऱ्याच्या अंगावर गेलं होतं.

साहेबांना तिने दोनदा तक्ता दाखवला. पहिल्यांदा ते म्हणाले, "छान छंद आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "पंचनाम्याला जोडू नका."

असं एक वर्ष गेलं. मग पुढच्या मे महिन्यात, सकाळी साडेसातला, घाट उतरल्यावरच्या वळणाशी दादू मोहित्यांच्या रिक्षाला मागून गाडी लागली.

दादू आम्रपालीच्याच वाडीतला. नात्याने कुणी नव्हे, पण सगळी वाडी त्याला मामा म्हणायची. ती कॉलेजात असताना प्रॅक्टिकलच्या दिवशी तिची एसटी चुकली, तेव्हा ह्याच दादूमामाने तिला रिक्षात घालून प्रयोगशाळेच्या दारात सोडलं होतं. आता त्या रिक्षाच्या मागच्या सीटवर मांडवीच्या सोनूबाई होत्या, बंदरावरून घेतलेल्या बांगड्यांचे दोन क्रेट घेऊन. वरच्या गावांत मासळी विकायला त्या रोज दादूच्याच रिक्षाने जायच्या. सोनूबाईंना खरचटलं. दादूची मांडी मोडली, दोन ठिकाणी.

मागून ठोकणारी गाडी होती मितेशशेठची, उंच, पांढरी, भल्या मोठ्या चाकांची. स्वतः शेठच चालवत होते. हायवेच्या रुंदीकरणातल्या त्या तुकड्याचं पोटकंत्राट त्यांच्याकडे होतं. वर्षभर तिथे एका बाजूचा रस्ता खोदलेला आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचे ठोकळे मांडलेले. एक ठोकळा जरा जास्तच रस्त्यात आलेला. त्याच्यावर ना रंग, ना चकाकणारी पट्टी, ना आधी कुठे फलक. लोकांना त्याची सवय झाली होती. सगळे त्याला वळसा घालून जायचे.

आम्रपाली पोचली तेव्हा दोनशे माणसं जमली होती.

"शंभरनं आला ओ!"

"शंभर कसला? एकशेवीस!"

दुपारपर्यंत मोबाईलवर तो आकडा एकशेचाळीसवर गेला. गाडीचा वेग वाढतच चालला होता, गाडी मात्र ठाण्याच्या आवारात उभी होती.

साहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "लिहा, भरधाव." मग त्यांना एक फोन आला. ते आत गेले, दार लावून घेतलं आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"तांबेबाई, ते तुमचं टेपचं शास्त्र आहे ना? या केसला लावा बरं. शास्त्रशुद्ध तपास झाला पाहिजे. लोकांच्या तोंडावर जाऊन चालणार नाही."

ज्या गोष्टीची ती वर्षभर वाट पाहत होती ती अशी आली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, आणि त्याची लगेच लाजही वाटली.

आधी मितेशशेठचा जबाब. ते खुर्चीत ऐसपैस बसले होते. "अहो, मी अगदी सावकाश होतो. धडक म्हणण्यासारखं काही नाहीच. मला तर जाणवलंही नाही. मोबाईलसुद्धा हातातून पडला नाही."

आम्रपालीने मान वर केली. "हातातून?"

"हो ना. बोलत होतो तसाच बोलत राहिलो."

तिने शब्दन् शब्द उतरवला, वाचून दाखवला. शेठनी सही केली.

वळणाजवळ काजूचं एक दुकान होतं. त्याच्या कॅमेऱ्यात रस्त्याचा नेमका तेवढा तुकडा दिसत होता. दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंतचं अंतर तिने मोजलं, एकोणीस मीटर. पांढरी गाडी ते एक पूर्णांक आठ दशांश सेकंदात कापत होती. तिने पुन्हा पाहिलं. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. आपलं काही चुकत असेल अशी तिला आशा होती. दुकानदाराने विचारलं, "ताई, बिघडलाय काय कॅमेरा?" कॅमेरा बिघडला नव्हता. ताशी अडतीस. रिक्षा त्याच वेळात दहा मीटर जात होती, म्हणजे ताशी वीस.

अडतीस.

मग ती सोनूबाईंकडे मांडवीला गेली. सोनूबाई ओट्यावर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी. समुद्राकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्यालाच शिव्या घालत होत्या.

"सगला सांगितला मी त्या दिवशी तुमच्या हवालदाराला. त्यानं लिवलाच नाय."

"काय सांगितलंत?"

"दोनदा लागला, बाय. पयला लागला तो ढकलल्यासारखा. माझी पाठ सीटवर आपाटली, बास. मी दादूला म्हटला, कोन रे हा मेला? तोंडातला बोलना पुरा होतंय न होतंय तर दुसरा. तो मात्र... सगले बांगडे क्रेटातनं उडून फुडं गेले. दादू तिथं दाबला गेला. मी क्रेटच्या मागं होते म्हणून वाचले."

आम्रपालीने पेन थांबवलं. दोनदा. ठोकळा! सगळी दोनशे माणसं मागच्या गाडीकडे बघत होती. रिक्षाचं पुढचं तोंड कशात घुसलं होतं याचा कुणी विचारच केला नव्हता. कारण ठोकळा तर तिथे रोजच असायचा.

"आत्या, क्रेटमध्ये बांगडे किती होते?"

सोनूबाईंचे डोळे बारीक झाले. भरपाई मिळणार असं त्यांना वाटलं असावं. "शंभर किलो. वरतीच असतील."

"खरं सांगा. मला वजन हवंय, हिशेबासाठी. रिक्षा जेवढी जड, तेवढा तिला धक्का कमी. बांगडे जास्त सांगितलेत तर शेठचं पाप कमी होईल."

सोनूबाईंनी कपाळावरची पट्टी सारखी केली. "मग वीसच किलो धर."

"आत्या!"

"बरा बाबा. पस्तीस-पस्तीसचे दोन क्रेट. बंदरावर इचार हवा तर."

तिने बंदरावर विचारलं. पस्तीस-पस्तीसच होते. रिक्षा, दादू, सोनूबाई आणि बांगडे मिळून सहाशे किलो. शेठची गाडी शेठसकट एकवीसशे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मांडणी केली. गाडी अडतीसने आली आणि विसाच्या रिक्षाला लागली, दोघं मिळून चौतीसने पुढे सरकली. म्हणजे गाडीच्या वेगात फरक चारचा, रिक्षाच्या वेगात चौदाचा. ठोकळा तिथून तीनच मीटरवर. दादूचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत रिक्षा त्याच्यावर आदळली, आणि चौतीसचा शून्य झाला. रिक्षाचा पुढचा पत्रा टेपने मोजला तर तोही तेच सांगत होता, तीस-पस्तीसच्या घरात.

तिने अहवाल पुण्याच्या नमुन्याप्रमाणे लिहिला. पहिल्या पानावर गाड्यांचा परस्परांशी आघात: अडतीस, चार, चौदा, आणि मागून ठोकर देण्यात चूक गाडीचालकाची. दुसऱ्या पानावर 'परिशिष्ट: रिक्षाचा द्वितीय आघात', त्यात ठोकळ्याचं माप, त्याचा फोटो, फोटोत ठोकळ्याच्या बाजूला उमटवलेली कंत्राटदाराची अक्षरं, आणि फरक चौतीस.

साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अडतीस! आणि धक्का फक्त चारचा! वा, तांबेबाई."

"सर, दुसरं पान..."

"परिशिष्ट ना? असू दे. पहिलंच भारी आहे."

"सर, त्यात महत्त्वाचं..."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." त्यांनी दोन्ही पानांवर सही केली, शिक्का मारला. मितेशशेठना प्रत गेली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः हापूसची पेटी घेऊन आले. "ताई, असे अधिकारी पाहिजेत. शास्त्र म्हणजे शास्त्र." आम्रपालीने पेटीला हात लावला नाही. ती म्हणाली, "शेठ, अहवाल पूर्ण वाचा." शेठ म्हणाले, "वाचला हो, पाठ झालाय." आंबे ठाण्यातल्या बाकीच्यांनी खाल्ले.

आठवड्याभरात स्थानिक बातम्यांत आलं की गाडीचा वेग केवळ अडतीस असल्याचं पोलिसांच्या वैज्ञानिक तपासात निष्पन्न. चौकट सुद्धा होती.

वाडीत त्यानंतर कुणी तिच्याशी धड बोलेना. नळावर ती गेली की बायका कळश्या उचलायच्या. विहारात रविवारी वंदनेला बसली तर शेजारची जागा रिकामी राहिली. कमलाबाईंकडे ब्लाऊज शिवायला टाकलेल्या दोघी-तिघी कापड परत घेऊन गेल्या.

"सगळी दुनिया शंभर म्हणते," कमलाबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. "तूच तेवढी अडतीस म्हणतेस."

"अडतीसच होता, आई."

"असेल. पण शंभर लिहिलं असतंस तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं? एवढी वर्षं सगळ्यांना भरधाव लिहीत आलीस ना? मग नेमका ह्यालाच वेग मोजून द्यायचा होता?"

हे आम्रपालीने स्वतःलाही विचारून पाहिलं होतं.

ती दवाखान्यात गेली. दादूच्या बायकोने तोंड भिंतीकडे फिरवलं. दादूचा पाय वजन लावून टांगलेला होता.

"बाय," तो म्हणाला, "अडतीस?"

"अडतीस, मामा."

"मंग माजी मांडी एवडी हलकी होती काय?" रागावला नव्हता तो. त्याला खरोखर कळून घ्यायचं होतं.

तिने खाटेशी बसून सगळं सांगितलं. ढकललं गाडीने, मोडलं ठोकळ्याने. चौदा आणि चौतीस. दादूने छताकडे बघत ऐकलं.

"ठोकळा तर वरीसभर तितंच हाय. त्याला कोन पकडनार? त्याला लायसन पन नाय."

दादूतर्फे नुकसानभरपाईचा दावा लागला. वकील होती समीक्षा, रत्नागिरीत नवीनच वकिली सुरू केलेली, बारीक आवाजाची. तिच्याकडे अहवालाची पोलिसांकडून मागितलेली प्रत आली तेव्हा त्यात एकच पान होतं; दादू ठोकळ्याचं सांगत होता, पण त्याला कागदाचा आधार नव्हता. ठाण्यातल्या झेरॉक्सवाल्याला परिशिष्ट म्हणजे फालतू कागद वाटला होता. पण मितेशशेठच्या ज्येष्ठ वकिलांनी आपल्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून मूळ प्रमाणित प्रतच कोर्टात दाखल केली. सही-शिक्क्यासकट. दोन्ही पानं.

सव्वा वर्षानंतर आम्रपालीला साक्षीला बोलावलं, तेही शेठच्याच बाजूने. ज्येष्ठ वकील गोड आवाजात विचारू लागले.

"गाडीचा वेग किती होता?"

"अडतीस."

"धडकेमुळे माझ्या पक्षकारांच्या गाडीच्या वेगात किती बदल झाला?"

"चारचा."

"आणि रिक्षाच्या वेगात?"

"चौदाचा."

"फक्त चौदा?"

"त्या धडकेत, हो. फक्त चौदा."

"आणि वेगातला बदल हेच धडकेची तीव्रता मोजायचं योग्य माप आहे, असं तुमचं शास्त्र सांगतं?"

"हो."

"माझे प्रश्न संपले." ते बसले. मितेशशेठनी मागच्या बाकावरून समाधानाने मान डोलावली.

समीक्षा उठली. शेठच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदांची प्रत तिने त्याच दिवशी सकाळी पाहिली होती, आणि दुसऱ्या पानाशी खूण घालून ठेवली होती.

"ताई, 'त्या धडकेत' म्हणालात. दुसरी धडक होती?"

"होती."

"अहवालात आहे?"

"दुसऱ्या पानावर."

"वाचा."

आम्रपालीने वाचलं. चौतीस हा आकडा आला तेव्हा ज्येष्ठ वकिलांनी आपली प्रत उलटली. दुसरं पान ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते.

"मांडी कोणत्या धडकेत मोडली असेल?"

"डॉक्टर सांगतील. पण चौदात मोडणं अवघड आहे. चौतीसात मोडते."

"तो ठोकळा कुणाचा?"

"फोटोत त्यावर नाव आहे."

"हरकत आहे!" ज्येष्ठ वकील उभे राहिले. "हा कागद विश्वासार्ह नाही. एक कॉन्स्टेबल शिवणकामाच्या टेपने..."

न्यायाधीशांनी चष्मा खाली केला. "वकीलसाहेब, कागद आपणच दाखल केलाय. आणि योग्य माप हेच, असं आत्ताच आपण साक्षीदाराकडून वदवून घेतलंत."

मग समीक्षाने जबाब वाचला, मोबाईलसुद्धा हातातून पडला नाही, तो. शेठची मान डोलायची थांबली होती.

निकाल दोन्ही अंगांनी शेठच्या विरुद्ध गेला: फोनवर बोलत गाडी चालवणारा चालक म्हणून शेठ जबाबदार, आणि खुणा न करता ठोकळे मांडणारा कंत्राटदार म्हणूनही शेठच. नुसता अडतीसचा वेग पाहिला असता तर चालक म्हणून ते बहुतेक सुटलेच असते. शंभराचा वेग लिहिला असता तर सगळं भांडण त्या वेगावरच झालं असतं, आणि ठोकळा होता तिथेच राहिला असता. निकालानंतर आठवड्याभरात त्या वळणावरचे सगळे ठोकळे उचलले गेले, उरलेल्या कामावर पिवळ्या पट्ट्या आणि फलक आले.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तांबेबाई, हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"सर, दोनदा सांगितलं."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं!"

महिन्याभरात तिच्याकडून अपघातांचं काम काढून घेतलं आणि मुद्देमालाच्या खोलीची किल्ली दिली. जप्त दारूचे कॅन, चोरीची मोटरसायकल, एक हार्मोनियम. तिने टेप आईला परत केली.

वाडीने तिचा सत्कार ठरवला. नळावर कळश्या उचलणाऱ्या बायका आता तिची कळशी भरून देऊ लागल्या. विहाराच्या अंगणात मांडव घातला, फ्लेक्स लावला. त्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'शंभरच्या वेगाने आलेल्या धनदांडग्याला धडा शिकवणाऱ्या आमच्या भगिनी'. आम्रपाली फ्लेक्सकडे बघत राहिली.

"अडतीस," ती कार्यक्रम करणाऱ्या पोराला म्हणाली.

"ताई, अडतीस मोठ्या अक्षरात बरं दिसंना."

दादू काठी टेकत आला आणि पहिल्या रांगेत बसला. रिक्षा आता त्याचा पुतण्या चालवत होता. भाषणं चालू असताना दादूने तिला खुणेनं जवळ बोलावलं. "बाय, पायाचा हिशेब झाला. पन पाऊस जवळ आला की तो दुखतो, त्येचा आकडा काडता येल काय?"

"नाही, मामा. तो काढता येत नाही."

"बरा. मी म्हटला, इचारून ठेवावा."

त्याच वर्षी वरून एक परिपत्रक आलं. संबंधित निकालाची दखल घेऊन अपघाताच्या पंचनाम्यात नवा रकाना समाविष्ट करण्यात येत आहे: 'धडकेमुळे वेगात झालेला बदल'. परिपत्रक काढणाऱ्यांना आम्रपालीचं नाव ठाऊक नव्हतं, आणि ठाण्यात ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते सांगितलं नाही. नवीन फॉर्म छापून आले. पहिल्या तीन महिन्यांत जिल्ह्यातून भरून गेलेल्या फॉर्मचा गठ्ठा तपासणीसाठी तिच्याच मुद्देमालाच्या खोलीत ठेवायला आला. जागा तिथेच होती.

तिने सहज वरचा फॉर्म उघडला. वेगात झालेला बदल: झाला.

दुसरा उघडला. झाला.

तिसऱ्यात: होय. चौथ्यात: लागू नाही. पाचव्यात कुण्या कर्तव्यदक्ष हवालदाराने लिहिलं होतं, चालकास समज देण्यात आली आहे.

ती स्टुलावर बसली आणि गठ्ठा संपेपर्यंत एकेक वाचत राहिली. मधे एकदा मोठ्याने हसली. बाहेरून जाणारा शिपाई आत डोकावला. शेवटून आठव्या फॉर्ममध्ये रकान्यात आकडा होता. बावीस. खाली बारीक अक्षरात, काटछाट करून, मांडणीही केली होती, वजनं, अंतर, सेकंद. एका जागी बेरीज चुकली होती. ठाणं दापोलीकडचं. लिहिणारीचं नाव राही, पुढे पोलीस शिपाई आणि बिल्ला नंबर.

आम्रपालीने ठाण्याचा फोन नंबर शोधला आणि फिरवला.

"राही मॅडम आहेत का? मी तांबे, मुद्देमाल विभागातून बोलतेय. तुमचा बावीस नाही. चोवीस येतो. हातचा विसरलात."

पलीकडून एक बिचकलेला आवाज आला, "ताई, तुम्ही... वाचलंत ते?"

"वाचलं. बसा, वही घ्या. ट्रकचं वजन कुठून घेतलंत ते आधी सांगा."